बिनकारणाची रजा

क्लेमेंटी, सिंगापूर
६ जुलै २०१४

ती. बाबांस,
अनुयाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही, म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं. परवा मी विचारलं की पायाला मुंग्या येतात का, तर तुम्ही हो हो म्हणालात. लगेच विचारलं की पाय आता ठणठणीत आहे ना, त्यालाही हो हो. शेवटी संजीवनीआत्याने फोन हिसकावून घेतला तेव्हा खरं काय ते कळलं. मणक्याचं ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगून किती दिवस झाले, आणि तुम्ही मला मिरजेतल्या आंब्यांच्या भावाबद्दल सांगत होतात! बाबा, मला खूप राग आला होता. आता गेला आहे, पण आला होता हे सांगून ठेवते.

ऑपरेशननंतर दोन महिने वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, एकट्यानं जिना उतरायचा नाही, असं आत्या म्हणाली. ती तुमच्याकडे राहायला आली हे तिचे उपकार, पण तिचे स्वतःचे गुडघे तिला साथ देत नाहीत. तुम्हा दोघांपैकी कोण कोणाला धरणार? मी तुमची एकुलती एक. मीच यायला हवं.

वार्षिक रजा गार्गीच्या जूनच्या सुट्टीत संपली. आमच्या कंपनीत दहा वर्षं झालेल्यांना लाँग सर्व्हिस लीव्ह मिळते, दोन महिन्यांहून थोडी जास्त, भरपगारी. पण माझं तुम्हाला माहीत आहेच. आईच्या शेवटच्या आजारपणात, २००८ साली, मी कुणालाही न विचारता विमानात बसले आणि चार महिन्यांनी परत आले. तिथे माझी सेवा खंडित झाली. तुम्हीच तेव्हा समजावून सांगितलं होतं. त्यानंतरची वर्षं मोजायची तर दहा भरायला अजून अवकाश आहे, आणि तुमचा मणका तोवर थांबणार नाही.

म्हणून निशिकांत आणि मी बसून ठरवलं आहे. मी राजीनामा देते. खोटं कशाला बोलू, जिवावर येतंय. रोज कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जायचं, गेटवर पास दाखवायचा आणि आपल्या प्रयोगशाळेचं दार उघडायचं, याची बारा वर्षं सवय झाली आहे. या वयात पुन्हा प्रयोगशाळा कोण माझ्या हातात देईल, देवाला ठाऊक. पण तुम्ही जिन्यात एकटे उभे आहात असं मनात आलं की बाकी सगळं मागे पडतं. या महिन्याअखेरीला राजीनामा देईन.

गार्गी ठीक आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते आणि इंग्रजीत विचारलं की खांदे उडवते. निशिकांतने वन-नॉर्थच्या ऑफिसातल्या लोकांना पोहे करून नेले होते. ते अजून त्याच्याशी बोलतात, म्हणजे बरे झाले असावेत.

आत्याला नमस्कार. लोभ आहे तो मणक्यासारखा कुरकुरू देऊ नये, ही विनंती.
आपली,
अनुया

—

मिरज
१९ जुलै २०१४

चि. सौ. अनुयास,
अ. उ. आ.

पत्र पावले, मजकूर समजला. राजीनामा नामंजूर.

पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेत माझी सगळी नोकरी गेली. लोकांच्या रजा, बढत्या आणि निवृत्तीची प्रकरणे हेच माझे काम. आजही गावातले लोक आपली अडलेली प्रकरणे घेऊन माझ्याकडे येतात. तेव्हा या विषयात मला दोन शब्द सांगण्याचा अधिकार आहे. घरच्या अडचणीपायी नोकरी सोडलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. अडचण वर्षभरात संपते आणि माणूस उरलेला जन्म दाराशी बसून असतो. माझ्यामुळे तुझे तसे व्हावे हे मला सहन होणार नाही. तुला शिकवले ते यासाठी नव्हे.

लांब रजेचा विषय तू काढला आहेस तर स्पष्ट लिहितो. मंजुरीचा आदेश हाती नसताना माणूस गेला, तर ती रजा नव्हे, ती अनधिकृत गैरहजेरी. तिथे सेवाखंड होतो. आमच्याकडे विश्वास म्हणून एक आरेखक होता. भावाच्या लग्नाला न विचारता गेला आणि पुढे सात साहेब बदलले तरी त्याचे प्रकरण काही सुटले नाही. तुझ्या वेळी तर आदेश सोड, साधा अर्जही नव्हता. तू विमानतळावरून निरोप पाठवलास आणि साहेब ठीक आहे म्हणाला. ठीक आहे याला आदेश म्हणत नाहीत. त्याबद्दल इतकी वर्षे तुला कोणी विचारले नाही हे नशीब समज आणि ते प्रकरण आपणहून वर काढू नकोस. एकदा कोणाचे लक्ष गेले की आहे तेही जायचे.

माझी काळजी नको. ऑपरेशननंतर राहण्याची सोय असलेले एक शुश्रूषागृह इथे आहे. जाऊन पाहून आलो. खाट खिडकीपाशी मिळेल म्हणाले. जेवण अळणी असते, पण तुझ्या आत्याच्या हातचे खाऊन मला त्याची सवय आहे. (हे वाक्य तिला दाखवू नये.)

निशिकांतरावांना आशीर्वाद. चि. गार्गीला म्हणावे, आजोबांना इंग्रजी येते, तिनेच एक पत्र लिहावे.

कळावे. माया आहे ती कमी होणे नाही.
तुझा,
बाबा

—

मिरज
२० जुलै २०१४

चि. अनूस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

दादाने तुला काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. पण त्याला कमी ऐकू येतं ना, त्यामुळे लिहिताना जे पुटपुटतो ते खालच्या किराणा दुकानापर्यंत जातं. माझ्या स्वयंपाकाबद्दलचं वाक्यही पोचलं. आज त्याला मुद्दाम खारट आमटी वाढली. मुकाट्याने प्याला.

आता खरं सांगते. तो त्या शुश्रूषागृहात गेला, खोली बघून आला. तिथे सगळ्या खाटांवरची माणसं दाराकडे बघत असतात, एवढंच मला म्हणाला. अनू, तो घाबरलाय गं. ऑपरेशनला नाही घाबरलेला, शुद्धीवर आल्यावर कोण दिसणार, याला घाबरलाय. पण तो तुला ये असं कधी म्हणणार नाही. जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही त्यानं. मागितलं की आपण ओझं झालो असं त्याला वाटतं. वहिनी असताना तिलाही पाण्याचा पेला मागत नसे, ती समजून द्यायची.

एक विचारू? मी शाळेत बाई होते, मला तुमच्या नियमांतलं काही कळत नाही. पण सेवाखंड, अनधिकृत गैरहजेरी ही सगळी आपल्या घरातली भाषा. दादा जेवतानासुद्धा हेच बोलायचा, तू ते ऐकतच वाढलीस. तुमच्या त्या कंपनीत तू हे कुणाला कधी विचारलंस का? का दादाने इथे मिरजेत बसून ठरवलं आणि तू तिथे सिंगापुरात मान खाली घालून मानलंस? तुमची कंपनी काय पाटबंधारे खात्याची शाखा आहे?

राजीनामा द्यायचा तर दे, पण आधी विचारून मग दे. विचारायला घाबरायला तू आता काही परकर नेसत नाहीस.

खारट आमटीसकट लोभ आहे.
तुझी,
संजीवनीआत्या

—

क्लेमेंटी, सिंगापूर
३ ऑगस्ट २०१४

ती. बाबांस,
अनुयाचा शि. सा. न. वि. वि.

बाबा, खुर्चीवर बसून वाचा. आणि पुटपुटू नका, खाली दुकानात ऐकू जातं.

शुक्रवारी मी आमच्या आस्थापना शाखेत गेले. तिथे मिस क्वेक म्हणून बाई आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा शोधत असतात. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. किती आधी कळवावं लागतं एवढंच विचारायचं, असं ठरवून गेले होते. त्यांनी कारण विचारलं, मी तुमच्या मणक्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाल्या की त्यासाठी राजीनामा कशाला लाह (इथे बोलताना वाक्याला हे शेपूट लावतात), तुमची लांब रजा तर कधीची पडून आहे. तुमच्या मागून लागलेले लोक ती घेऊन फिरून आले, तुम्ही का घेत नाही म्हणून आम्हालाच नवल वाटायचं. त्यांची समजूत अशी की माझं प्रयोगशाळेवर इतकं प्रेम आहे की मला घरी जावंसं वाटत नाही!

बाबा, तुम्ही सांगितलं होतंत की ते प्रकरण आपणहून काढू नकोस. पण मला राहवलं नाही. खोट्या पायावरची रजा घ्यायची आणि पुढे कुणी उकरून काढायचं, त्यापेक्षा आत्ताच काय तो निकाल लागू दे म्हटलं. २००८ साली मी न विचारता कशी गेले ते सगळं मी त्यांना सांगितलं. सेवाखंडाला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून नोकरीचा धागा तुटला असं काहीतरी म्हणाले.

त्यांनी संगणकावर पाहिलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तेव्हाचे माझे साहेब, ते उंच ऑस्ट्रेलियन कॉलिन, त्यांनी मी निघाले त्याच दिवशी माझी रजा मंजूर केली होती. बिनपगारी, पण रीतसर मंजूर. मी मिरजेच्या वाटेवर असताना इकडे सही झालेलीसुद्धा होती. परत आल्यावर मला त्यांनी ते सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसेल. आणि मी विचारलं नाही, कारण आपल्या घरात असं काही विचारायचं नसतं!

मिस क्वेकनी नियम असा समजावला. इथल्या सरकारी कायद्यात अशी रजा नाही. आमची मूळ कंपनी ऑस्ट्रेलियाची, तिथे ही रीत आहे, म्हणून तिने आपल्या इथल्या लोकांनाही ती नेमणुकीच्या कराराने दिली. मंजूर बिनपगारी रजेत गेलेले महिने दहा वर्षांत धरत नाहीत, पण त्यांनी सेवा तुटत नाही. म्हणजे आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं एकच. ते चार महिने वगळूनही माझी दहा वर्षं केव्हाच भरली. माझा धागा कुठे तुटलेलाच नव्हता.

मी चहाच्या खोलीत जाऊन रडले. मिस क्वेक मागोमाग आल्या, त्यांना वाटलं वाईट बातमी दिली की काय. मी त्यांना सांगितलं की फार दिवसांनी इतकं हलकं वाटतंय. राजीनामा तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

घरी आल्यावर निशिकांतने हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवरून जेवण आणलं, आज तुझ्याच्याने काही होणार नाही म्हणाला. गार्गीने सगळं ऐकून घेतलं आणि आजोबांचे नियम इथे चालत नाहीत लाह, असा निकाल दिला. तिच्यावर रागावू नका.

आता शुश्रूषागृहातली ती खिडकीपाशीची खाट दुसऱ्या कुणाला द्या. ऑपरेशनची तारीख कळवा, त्याप्रमाणे मी येते.

लोभात खंड नव्हता, पुढेही नको.
आपली,
अनुया

—

मिरज
१६ ऑगस्ट २०१४

चि. सौ. अनुयास,
अ. उ. आ.

तुझे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. पहिल्यांदा वडील म्हणून वाचले आणि डोळे भरून आले. नंतर आस्थापना शाखेचा अधीक्षक म्हणून वाचले आणि काही शंका आल्या.

मंजुरीवर तारीख त्याच दिवसाची आहे का, की मागाहून टाकलेली? मागाहून असेल तर तिला आम्ही कार्योत्तर मंजुरी म्हणतो. तीही चालते, पण सक्षम अधिकाऱ्याचीच लागते. ते कॉलिनसाहेब सक्षम होते ना? दुसरे, मिस क्वेकबाईंनी सांगितले ते ठीक, पण त्या बदलून गेल्या तर? त्यांच्याकडून सर्व लेखी घे. तिसरे म्हणजे तो नियम मला पाठव, मी एकदा नजरेखालून घालतो. माझा अविश्वास नाही. सवय आहे.

बाकी कॉलिनसाहेबांना माझा नमस्कार पोचवण्याची काही सोय असल्यास पोचव. अर्ज नसताना, माणूस समोर नसताना, नुसते त्याच्या घरचे दुःख पाहून त्यांनी सही केली. मी माझ्या नोकरीत अशी सही करणारा साहेब पाहिला नाही. त्या दिवसांत तू आईजवळ होतीस, त्याची किंमत तुझ्या नोकरीने मोजली असे मला आजवर वाटत होते. ते मनावरचे दडपण उतरले. काल पोटभर जेवलो, तुझी आत्या साक्ष आहे.

ऑपरेशन पितृपक्ष संपल्यावर, घटस्थापनेच्या पुढच्या आठवड्यात ठरते आहे. ऑपरेशनसारखे सबळ कारण आहे म्हणून रजा घे. एरवी मी शिल्लक ठेव असेच म्हटले असते. रजा शिल्लक ठेवण्यात माझा खात्यात लौकिक होता. बरा होताच लगेच तुला कार्यमुक्त करीन, उरलेली रजा वाया घालवायची नाही.

निशिकांतरावांना आशीर्वाद. गार्गीचे मत योग्य आहे, पण तिला तसे सांगू नये.

कळावे. इकडे सर्वांचे प्रेम भरपगारी आहे.
तुझा,
बाबा

—

क्लेमेंटी, सिंगापूर
२९ ऑगस्ट २०१४

ती. आत्यास,
अनूचा साष्टांग नमस्कार.

आज इथे गणपती बसले. निशिकांतने उकडीचे मोदक केले. कळ्या पडल्या नाहीत, म्हणून त्यांना आम्ही करंज्या म्हणून खाल्लं. तुझी फार आठवण झाली.

रजा मिळाली! चोवीस सप्टेंबरला निघते. पण मिळाली कशी ते ऐक. आमचे आताचे साहेब मिस्टर फू, त्यांच्याकडे मी बाबांच्या मणक्याच्या फोटोंसकट गेले. पहिला फोटो काढून समजावायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. हे मला दाखवायची गरज नाही म्हणाले. ही रजा तुम्ही काम करून मिळवलेली आहे, आजाऱ्याजवळ बसा नाहीतर समुद्रावर जाऊन झोपा. फक्त प्रयोगशाळा कुणावर सोपवता आणि कुठल्या तारखा, तेवढं सांगा. मी फोटो परत पिशवीत घातला आणि तारखा सांगितल्या. आत्या, आपल्याकडे रजा म्हणजे काहीतरी दुखावं लागतं, कुणीतरी जावं लागतं. कारण न देता रजा मागितली तर चोरी केल्यासारखं वाटतं. बाहेर येऊन मला हसूच आवरेना.

तू बाबांना पुण्याच्या डॉक्टरांकडे दुसरं मत घ्यायला नेणार असं परवा फोनवर म्हणालीस, ते फार चांगलं केलंस. मनासारखं काही निघो न निघो, दाखवलं याचं समाधान राहील.

एक मनातलं लिहिते, बाबांना सांगू नकोस. नोकरी वाचली, रजा मिळाली, सगळं सुरळीत झालं. तरी मला कुठेतरी वाटतं की त्यांनी एकदा मला बोलवावं. ते म्हणतात, कारण आहे म्हणून ये, बरा होताच जा. मी ऑपरेशनसाठी हवी आहे, तशी मी हवी आहे का? चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने असं लिहावं हा वेडेपणा आहे, पण तुझ्याजवळ नाही तर कुणाजवळ लिहू?

पायाला तेल लावत जा. लोभ आहे त्याहून थोडा जास्त मागते.
तुझी,
अनू

—

मिरज
१२ सप्टेंबर २०१४

चि. सौ. अनुयास,
अ. उ. आ.

आनंदाची बातमी. काल पुण्याहून परत आलो. तिथल्या डॉक्टरांनी नवीन फोटो काढले, पाय वाकवून, दाबून सर्व तऱ्हेने पाहिले आणि ऑपरेशनची आवश्यकता नाही असे स्पष्ट सांगितले. दोन महिन्यांत सूज बरीच ओसरली आहे. व्यायाम, कमरेला पट्टा आणि जपून चालणे एवढे पुरे. मिरजेच्या डॉक्टरांनाही फोटो दाखवले, त्यांनीही मान डोलावली. संजीवनीने पेढे वाटले. मी जिना तिच्या आधी चढलो.

तेव्हा तू आता येण्याचे प्रयोजन उरलेले नाही. तिकीट रद्द करता येत असल्यास करावे, आणि मिस्टर फू यांना कळवून रजा शिल्लक ठेवावी. पुढे मोठे कारण निघाल्यास उपयोगी पडेल. माझी काळजी मुळीच करू नये.

निशिकांतरावांना व गार्गीला आशीर्वाद.

कळावे. स्नेह आहेच.
तुझा,
बाबा

—

मिरज
१३ सप्टेंबर २०१४

चि. अनुयास,
पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

काल तुला एक पत्र टाकले. घरी आलो आणि चैन पडेना. आज पोस्टात जाऊन ते परत मागितले. पोस्टमास्तर म्हणाले, टाकलेले पत्र असे हातोहात परत मिळत नाही, त्याला रीतसर अर्ज लागतो. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो, म्हणून वाद घातला नाही. हे पत्र स्पीडपोस्टाने पाठवतो आहे, म्हणजे हेच आधी पोचेल. मागून साधे पत्र येईल. ते रद्द समजावे.

त्यातली बातमी मात्र खरी आहे. ऑपरेशन टळले. पाय बरा आहे. जिना चढतो, उतरतो. औषधपाण्याला कोणी लागत नाही, संजीवनी आहे, शेजार चांगला आहे. तू इथे येण्यासारखे एकही कारण मला सापडले नाही, आणि मी काल दुपारपासून शोधतो आहे.

तरी तू ये, बाळ. सगळी रजा घेऊन ये.

तुझा,
बाबा